आजीचे दोन फर्मे

परवा नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाने माझी कादंबरी कॅल्क्युलेटरवर वाचली. डेमी आकार, ३५२ पानं, भागिले १६ (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या १६ पानांचा एक फर्मा), म्हणजे २२ फर्मे. मग कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ. शेवटी मधाळ आवाजात म्हणाले, “मॅडम, ३०० प्रती काढू. त्यातल्या २०० तुम्ही घ्या.” याला हल्ली ‘लेखकाचा सहभाग’ म्हणतात.

टेबलावरचं पाणी प्यावं की सरळ उठावं, या विचारात मी असताना शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ बोलले, “दोन फर्मे कमी करा.”

हे बाइंडर. थकलेलं बिल मागायला सकाळपासून ठाण मांडून बसलेले. माझ्या कादंबरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्यांनी हस्तलिखित ओढून घेतलं, जिभेवर अंगठा टेकवला आणि बँकेतला कॅशियर नोटा मोजतो तशी पानं सरासरा सोडली. अंगठ्यावर वाळलेल्या खळीचे पापुद्रे होते. त्यातला एक नवव्या प्रकरणात अजून चिकटलेला आहे.

“ही आजी जाते कधी?”

“शेवटी. कादंबरी तिच्यावरच आहे.”

“शेठ, एवढी आजी आहे बघा यांची.” त्यांनी चिमटीत धरून आजीची जाडी दाखवली. “विसाव्या फर्म्यात न्या तिला. बाविसाव्यापर्यंत ताणून काय मिळतंय?”

“अहो, त्या शेवटच्या दोन फर्म्यांतच ती बोलते! त्याआधी कुठे बोलते?”

“मग न बोलताच जाऊ द्या. आमची आई तशीच गेली.”

आता यावर काय बोलणार? वाद घालायचा तर समोरच्याची आई गेलेली, आणि सांत्वन करावं तर माझी आजी जाते. प्रकाशक मात्र गंभीरपणे मान डोलावत म्हणाले, “विचार करण्यासारखं आहे.” त्यांनी अख्ख्या बैठकीत कादंबरीच्या मजकुराबद्दल काढलेलं हे एकमेव वाक्य.

तशी माझी तालीम आधी कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे झाली होतीच. मी युनिकोडमध्ये लिहिलेलं त्याने श्रीलिपी या छपाईच्या फाँटमध्ये नेलं आणि वाटेत रफार गळून पडले. नायिका ऊर्मिला, ती पानोपानी ‘ऊमिला’. मी बोट ठेवलं तर म्हणतो, “वाचताना कळतं की!” मराठीला अभिजात दर्जा २०२४ साली मिळाला. रफार अजून मिळायचाय.

बरं, हिशेब ऐका. किंमत ४५० रुपये. मला ३० टक्के सवलत, म्हणजे २०० प्रतींचे ६३,००० मी मोजायचे. मानधन १० टक्के, पण मी घेतलेल्या प्रतींवर नाही. उरलेल्या १०० विकल्या गेल्या, तर ४,५००. अंदाजपत्रकात ‘आयएसबीएन – २,०००’ अशीही एक ओळ होती. पुस्तकाचा हा ओळख क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था फुकट देते. मी तसं म्हटलं तर उत्तर आलं, “हो, पण फॉर्म कोण भरणार?” दोन हजारांत मी पेठेतल्या सगळ्यांचे फॉर्म भरून देईन!

कागद महागलाय, ग्रंथालयांची बिलं अडकतात, सगळं मान्य. पण कागदवाल्याला पैसे मिळतात, मुद्रकाला मिळतात, डीटीपीवाल्याला तर रफार गाळूनही मिळतात. लिहिणारीनेच तेवढे पदरचे घालायचे, आणि वर हसऱ्या चेहऱ्याने मलपृष्ठासाठी फोटो द्यायचा. शिवाय त्या २०० प्रती ठेवायच्या कुठे? दिवाणात गाद्या आहेत. लग्नात आहेर म्हणून दिल्या तर लोक आत पाकीट आहे का म्हणून पुस्तक उलटं धरून झटकतील.

“विचार करून सांगते,” म्हणत मी उठले. तेवढ्यात प्रकाशक बाइंडरना म्हणाले, “मॅडमचं जमलं की तुमचं बिल लगेच काढतो.”

झालं! हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर माझा मोबाइल नंबर आहे, आणि त्या गृहस्थांनी पानं मोजता मोजता तो टिपून घेतलेला. काल सकाळी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना फोन.

“मॅडम, मी विचार केला. राहू द्या ते दोन फर्मे. बोलू द्या आजीला काय बोलायचं ते. फक्त चेक या महिन्यात द्या.”