‘उगाच घाबरवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण आपल्या जनावराच्या मायेपोटी लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिनीपिग पाळणं मी अवघड करून सांगते, तुमची गिनीपिग चार वर्षं एकटीच ठणठणीत आहे, व्हिटॅमिन सीचे थेंब पाण्यात घातले की पुरतं, आणि दर आठवड्याला वजन करणं हे थेर आहे. शिंका आल्या तेव्हा तुम्ही घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन पाजलंत आणि ती बरी झाली.

बाकीचं नाही पटलं तरी चालेल, पण ते औषध पुन्हा देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिनसारख्या, पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, घातक वाढतात, आणि त्यात जीव जातो. तुमची वाचली, हे नशीब.

‘पेलेट्स (तयार खाद्याच्या छोट्या गोळ्या) हवेतच’ हे मी फार ठासून लिहिलं होतं, तुमचा तो आक्षेप मान्य. खरा आहार सुकं गवत. ते दिवसरात्र समोर हवं. पेलेट्स जोडीला, मूठभरही नकोत.

वजनाचं मात्र सोडणार नाही, कारण आमची भुरी. फ्रिजचं दार वाजलं की जाळीला पुढचे पाय लावून ती शीळ घालायची. वहीत एका रविवारी ९४० ग्रॅम, पुढच्या ९१०, त्यापुढच्या ८५५. शीळ तशीच, धावणं तसंच. मग मी पिंजऱ्यापाशी बसून राहिले. भुरी गवताची काडी उचलायची, दोनदा चावायची आणि हळूच खाली सोडायची. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, तर खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमान झाली होती. यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. भूल देऊन दाढा घासल्या, तेव्हा ती वाचली. शिकार होणारी जात आहे, दुखणं शेवटपर्यंत लपवते. वही नसती तर मीही ‘ठणठणीत’च म्हणत बसले असते.

व्हिटॅमिन सी माणसासारखंच यांच्याही शरीरात तयार होत नाही. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. पाण्यात घातलेलं उजेडाने कमी होत जातं, आणि पोटात किती गेलं ते कळत नाही. त्यापेक्षा ढोबळी मिरचीची एक फोड रोज हातानं द्या. कमी पडलं की सांधे दुखतात, जनावर हलेनासं होतं आणि घरचे म्हणतात, आळशी झाली.

एकटेपणाबद्दल. तुमचा लळा खराच आहे, पण रात्री अंगाला अंग लावून कुरकुरायला तिला तिच्याच जातीचं कुणीतरी हवं. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. जोडीदार आणलात तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. नर असेल तर नसबंदीनंतर सहा आठवडे तरी थांबा.

या रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवा आणि आकडा इथे लिहा. आणि अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.