परमवीर चक्र मरणासाठी दिलं जात नाही

आज सकाळी परत तोच फॉरवर्ड. 'देशासाठी प्राण देणाऱ्यांना मिळणारं परमवीर चक्र', खाली फोटोंची रांग, आणि त्या रांगेत रामा राघोबा राणे! राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये पुण्यात वारले. हे पदक जिवंतपणी मिळालेले ते पहिले. वर चित्रातल्या पदकाची फीत हिरवी, मधोमध केशरी रेघ. ती अशोक चक्राची. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी असते.

आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांतले सात जण लढून परत आले. पदक कृतीला मिळतं. राणेंची कृती किती जणांना माहीत आहे?

एप्रिल १९४८, पाकिस्तानशी जम्मू-काश्मीरची लढाई. नौशेरा-राजौरी रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, पाइनची झाडं आडवी पाडून बंद केला होता. राणे बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे, म्हणजे आपल्या खडकीचे. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले. जखमींत ते स्वतः. तरी मागे गेले नाहीत. पुढे मशीनगनचा मारा चालू असताना ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या वेगाने सरपटत, हातांनी सुरुंग काढत गेले. आतल्या चालकाला खालचा माणूस दिसत नाही. म्हणून दोरी. दोरीच्या ओढीवर रणगाडा थांबायचा, पुन्हा चालायचा. इशारा चुकला तर माणूस आपल्याच रणगाड्याच्या पट्ट्याखाली.

हे सगळं सोडून आपण लिहितो 'अमर रहे'. संताप येतो.

दुसरा नेहमीचा सवाल: २६/११ ला कसाबला पकडून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंना परमवीर का नाही? कारण परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या लढाईसाठी आहेत. त्याबाहेरच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. ओंबळेंना मिळालेलं अशोक चक्र हे त्या बाजूचं सर्वोच्च पदक. त्यांना कमी लेखलं म्हणणारे अशोक चक्रालाच कमी लेखतात.

आणि 'सगळं राजकारण' म्हणणाऱ्यांनो, पदकाची सुरुवात दिल्लीत होत नाही. ती पलटणीत होते. कमांडिंग ऑफिसर सायटेशन, म्हणजे त्या शौर्याची लेखी नोंद, लिहितो: तारीख, जागा, काय हुकूम होता, समोर काय होतं, या माणसाने नेमकं काय केलं, त्यामुळे काय बदललं. सोबत डोळ्यांनी पाहिलेल्यांचे जबाब. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, सेना मुख्यालय, संरक्षण मंत्रालय आणि शेवटी राष्ट्रपती. 'अतुलनीय धैर्य' सगळेच लिहितात. राणेंच्या सायटेशनमध्ये रस्ता आहे, तास आहेत, किती अडथळे काढले ते आहे. म्हणून ते वाचताना अंगावर काटा येतो.

मान्य, या पद्धतीत साक्षीदारच उरला नाही तर शौर्यही कागदावर येत नाही. १९६२ च्या चीन युद्धात लडाखमधल्या 'रेझांग ला' खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीची जवळजवळ अख्खी कंपनी कापली गेली. वाचलेल्यांच्या सांगण्यावर आधी विश्वास बसला नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत खंदकांत, हातात शस्त्र धरलेले देह सापडले तेव्हा बसला. कंपनीचे प्रमुख मेजर शैतान सिंगांना परमवीर मिळालं. अशा किती जागा असतील जिथे नंतर कुणी पोचलंच नाही? इथे माझा आवाज खाली येतो.

उलटही होतं. धनसिंग थापांचं परमवीर मरणोत्तर म्हणून जाहीर झालं आणि नंतर कळलं, ते चीनच्या कैदेत आहेत. कारगिलनंतर योगेंद्र सिंग यादवांचंही तसंच, ते रुग्णालयात होते. आणि कारगिलमध्येच टायगर हिलवर तर शत्रूच साक्षीदार झाला: पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेर खानच्या ('कर्नल' हे त्याचं नावच) खिशात आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी चिठ्ठी ठेवली, हा शौर्याने लढला म्हणून. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर, त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक, दिलं. समोरच्याचं शौर्यही नोंदवणारी ही आपली फौज.

कुणी म्हणेल, पदकावर इंद्राचं वज्र आहे, ते दधीचींच्या अस्थींचं, म्हणजे बलिदानच ना? बरं, पदकाचं चित्र रेखाटणाऱ्या सावित्री खानोलकरांच्या मनात ती कथा होती. पण वज्र हे शस्त्र आहे, ते शत्रूवर चालतं.

१५ ऑगस्टला शाळेत भाषणाला जाणाऱ्यांनी शौर्य पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावरून एक सायटेशन उतरवून घ्यावं, मराठीत करून मुलांना वाचून दाखवावं. पाच मिनिटं लागतील. सुरुवात राणेंपासून करा.