"मंग कुलूप कसाले?" : घरच्या नासबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

फोटोग्राफर आणि कर सल्लागारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. जळगाव, धुळे, शिरपूर, जिथे जाईल तिथे त्याला अंगठे मिळतायत. सांगणं एवढंच, की घरच्या नास सर्व्हरवरच्या (डिस्का घालून घरच्या नेटवर्कला जोडलेला, फायली साठवणारा डबा) फायली एन्क्रिप्ट करण्याच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करण्याच्या भानगडीत पडू नका. कारणं पाच दिली आहेत. डबा घरातच असतो आणि त्याला पासवर्ड असतो. वेग निम्म्यावर येतो. लाइट गेली की एन्क्रिप्टेड डिस्क बाद होते. रॅनसमवेअर (फायली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर एन्क्रिप्शन वाचवत नाही. आणि पासवर्ड विसरलात तर सगळं गेलं. शेवटी "भारतात हे बेकायदा आहे" अशी शेपटीही जोडली आहे. यातलं एक कारण शंभर टक्के खरं आहे. त्याच्या आधाराने बाकीची खपून जातात, म्हणून एकेक घेऊ.

डबा घरातच आहे. एका ग्रुपवर या मुद्द्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "डबा घरमाच शे ना भो, मंग कुलूप कसाले?" डबा घरात असतो, कबूल. पण त्यातली डिस्क कायम घरात राहते का? मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर जातो आणि आपण नास ठेवतो टीव्हीखालच्या बंद कपाटात. डिस्का मरतात. वॉरंटी असते म्हणून आपण ती डिस्क कंपनीकडे पाठवतो, बदल्यात दुसरी येते, आणि जुनी कुठल्या टेबलावर जाते ते आपल्याला कधीच कळत नाही. पाठवण्याआधी पुसावी म्हटलं तर बंद पडलेली डिस्क कमांडच घेत नाही. आतल्या चकत्यांवरचा माल मात्र जागच्या जागी असतो, आणि सर्किट बोर्ड किंवा हेड बदलून तो वाचणारे लोक आहेत. दोन डिस्कांच्या नासमध्ये बहुतेकांनी मिरर (तोच माल दोन्ही डिस्कांवर) केलेला असतो, म्हणजे त्या एका डिस्कवर अख्खी नक्कल गेली.

राहिला लॉगिनचा पासवर्ड. तो नासचं सॉफ्टवेअर विचारतं. डिस्क काढून लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावली की विचारायला कोणी उरतच नाही. यात हॅकरगिरी काही नाही. नास बिघडला तर डिस्का उबंटूवर लावून फायली कशा काढायच्या, हे नास बनवणारी सिनॉलॉजी कंपनी स्वतःच ग्राहकांना समजावून सांगते. तुमच्या नासवर दोनशे अशिलांची पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट असतील तर ही सोय दुसऱ्या कोणालाही तितकीच उपयोगी आहे. एन्क्रिप्ट केलेली डिस्क मात्र निर्धास्तपणे दुरुस्तीला द्यावी, जुन्या बाजारात विकावी. किल्लीशिवाय तिच्यावर नुसता कचरा दिसतो. घरच्या सर्व्हरवर एन्क्रिप्शन लावायचं ते मुख्यतः यासाठी. चोर हा त्यातला लहान भाग.

वेग निम्मा होतो. हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं. एईएस हे एन्क्रिप्शनचं प्रमाण २००१ साली ठरलं, आणि २०१० पासून इंटेलने त्याचं काम करणाऱ्या खास सूचना प्रोसेसरमध्येच घातल्या. आजच्या साध्या सेलेरॉन प्रोसेसरवाल्या नासलाही त्या असतात. घरचं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास थकतं, आणि तेवढा माल एन्क्रिप्ट करणं अशा प्रोसेसरला जड नाही. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर घरगुती सर्व्हर उभा केला असेल तर तक्रार रास्त आहे, त्यात या सूचना नाहीत. पाय ५ मध्ये आहेत. वायफायवरून फोटो चढवणाऱ्याने तर हा मुद्दा बोलूच नये.

लाइट गेली की डिस्क बाद. अर्धवट ज्ञानातून आलेली भीती. डिस्कचं एन्क्रिप्शन तुकड्या-तुकड्याने होतं. लिखाण चालू असताना वीज गेली तर जे चालू होतं तेच बिघडतं, जसं साध्या डिस्कवरही बिघडतं. धोका आहे तो वेगळ्या जागी. लिनक्सच्या लक्स पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा हेडर असतो. खरी किल्ली त्यात गुंडाळून ठेवलेली असते आणि तुमचा पासवर्ड फक्त ते गुंडाळणं सोडवतो. हेडर खराब झाला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही काही उपयोग नाही. त्याची प्रत काढायला एक मिनिट लागतं. ती पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी ठेवा.

भारनियमनाचा खरा त्रास मेसेजवाल्याला सुचलाच नाही. लाइट आली, नास चालू झाला, पण व्हॉल्यूम (डिस्कांवरची एन्क्रिप्ट केलेली जागा) किल्ली मिळेपर्यंत बंद. दिवसातून तीनदा लाइट जात असेल तर माणूस कंटाळतो आणि "आपोआप उघड" वर टिक करतो. मग किल्ली त्याच डब्यात साठवली जाते, आणि डबाच्या डबा उचलून नेला तर किल्लीही सोबत जाते. कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवण्यातला प्रकार. त्यापेक्षा यूपीएसवर खर्च करा, आणि तो यूएसबीने नासला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की नास नीट बंद होतो. इन्व्हर्टर आहे म्हणून गाफील राहू नका. त्याचं बटण यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाण्याच्या क्षणी नास रीस्टार्ट झालाच म्हणून समजा.

रॅनसमवेअर आलं तर एन्क्रिप्शन वाचवत नाही. खरं आहे. निष्कर्ष चुकीचा. व्हॉल्यूम उघडा असताना जे तुम्हाला दिसतं ते व्हायरसलाही दिसतं. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅनसमवेअरने जगभरातल्या क्यूनॅप कंपनीच्या नासवरच्या फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या डब्यांवर डेडबोल्ट हे दुसरं रॅनसमवेअर आलं. हे हल्ले इंटरनेटला थेट उघडे असलेल्या नासवर झाले. त्यावर उपाय म्हणजे राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नासपर्यंत येणारी वाट) बंद करणं, अपडेट टाकणं, स्नॅपशॉट (फायलींची त्या-त्या वेळची जपलेली अवस्था) ठेवणं आणि एक बॅकअप डिस्क तारेतून काढून कपाटात ठेवणं. एन्क्रिप्शनचं ते कामच नव्हे. ती बॅकअप डिस्कसुद्धा एन्क्रिप्ट करा, कारण सगळ्यात सहज हरवते ती हीच.

पासवर्ड विसरलात तर गेलं. हेच ते शंभर टक्के खरं कारण. कंपनीला फोन करून उपयोग नाही, मागचं दार नसतंच. पण लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात. एक तुमचा, एक बायकोचा किंवा भावाचा, आणि एक लांबलचक कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये. सिनॉलॉजी-क्यूनॅपमध्ये किल्लीची फाइल उतरवून घेता येते. ती नासवरच "महत्त्वाचे" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणारे महाभाग असतात. आणि सगळंच एन्क्रिप्ट करायला कोणी सांगितलं? गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर तसंच राहू द्या.

बेकायदा आहे. नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत आदेश आला तर माहिती उघडून द्यावी लागते, नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या फायलींना कुलूप लावणं हा गुन्हा नाही. २०१५ मध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा आला होता, तो त्याच सप्टेंबरमध्ये मागे घेतला गेला.

आता जो मुद्दा त्या मेसेजमध्ये असायला हवा होता आणि नाही, तो मराठीत काम करणाऱ्यांना खरोखर नडतो. सिनॉलॉजीचं जुनं, फोल्डरनिहाय एन्क्रिप्शन फाइलच्या नावाला १४३ बाइट्सची मर्यादा घालतं. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाला तीन. "पाचोरा लग्न हळद सकाळ काकांकडचे सगळे फोटो निवडलेले अंतिम" हे नाव १४९ बाइट्सचं होतं, म्हणजे ती फाइल अशा फोल्डरमध्ये जाणारच नाही. साध्या फोल्डरची मर्यादा २५५ असल्याने तिथे ती आरामात बसते. एन्क्रिप्शन लावताना शंभर फायली मागे राहतात आणि आपण व्हायरसला शिव्या देतो. २०२३ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२ या सिनॉलॉजीच्या नास चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून काही मॉडेलांवर अख्खं व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतं, तिथे ही अडचण नाही. पण ते व्हॉल्यूम नव्याने बनवतानाच करावं लागतं. आधी सगळा माल दुसऱ्या डिस्कवर काढा, तपासा, मग जुनं पुसा. लग्नसराईत हे काम काढू नका.