बलुचिस्तान म्हणजे नुसती वाळू नव्हे

पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतातल्या झियारतच्या जंगलाचा फोटो ‘बनावट’ ठरवणारा मेसेज फिरतोय. ‘बलुचिस्तानात वाळूशिवाय काही नाही,’ हे त्याचं कारण. ते चूक आहे.

झियारत हा प्रांताची राजधानी क्वेट्ट्याच्या पूर्वेचा डोंगराळ जिल्हा. झियारत गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटरवर. पावसाळी वारे इथवर जेमतेम पोचतात. ओलावा येतो तो मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून, बर्फ होऊन. त्यावरच खडकाळ उतारांवर ज्युनिपर हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष तगतो. वाढ इतकी संथ की काही झाडं शतकानुशतकं जुनी आहेत. तोडलेलं झाड आपल्या हयातीत भरून निघत नाही, म्हणून या जंगलाला खोटं म्हटलेलं माझ्या मनाला लागतं.

सुमारे १ लाख हेक्टरांच्या या पट्ट्याला २०१३मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा (बायोस्फिअर रिझर्व्ह) दर्जा दिला.