आई-बाबांच्या लग्नाच्या २५ व्या वाढदिवसाच्या टेबलाबद्दल

नमस्कार ताई. तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. टेबलाच्या टोकाची आडवी पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर आलीय, सांध्यात कागद सरकतो, म्हणजे लाकूड ओलं आणि गोंदही अर्धवट, असं तुम्ही लिहिलंय. मधल्या फळीच्या काळपट रंगाबद्दल आणि किमतीबद्दलही तुमची तक्रार आहे. ओळखीचे मिस्त्री खिळे मारून, फटीत लांबी (पुट्टी) भरून देणार आहेत, हेही वाचलं. ते काम कृपया थांबवा, म्हणून सगळ्यांसमोर उत्तर देतोय.

गोंद पट्टीच्या फक्त मधल्या भागात आहे, आणि तो मुद्दाम तसा लावलाय. सागवान कितीही मुरलेलं असलं तरी पावसाळ्यात रुंदीला फुगतं, थंडीत आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. मधल्या फळ्या उभ्या, टोकाची पट्टी आडवी. त्यामुळे तीन फुटांच्या रुंदीत तीन-चार मिलिमीटरची तफावत येणारच. तुमच्याकडे टेबल ऑगस्टमध्ये आलं तेव्हा कडा एका रेषेत होत्या, आता जानेवारीत पट्टी बाहेर दिसते, पावसाळ्यात पुन्हा जुळेल. टोकांजवळच्या लाकडी खुंट्यांची भोकं त्यासाठीच लांबट ठेवलीत. खिळ्यांनी आवळलंत तर आक्रसणाऱ्या फळ्यांना वाव राहणार नाही आणि चीर पडेल. ती टेबलावरच्या आई-बाबांच्या नावांमधूनही जाऊ शकते. आजोबांच्या वाड्याचं जे दार तुम्ही दिलंत, तेसुद्धा पावसाळ्यात चौकटीला घासत असणारच!

मधली फळी काळपट दिसते ती त्याच दाराची. पॉलिशात गडद रंग मिसळला असता तर सगळं एकसारखं झालं असतं, पण मग दार टेबलात आहे हे कुणाला कळलं असतं? नव्या फळ्या उजेडाने हळूहळू गडद होतील, तोवर अर्ध्या टेबलावर कापड घालून ठेवू नका. जुन्या खिळ्यांभोवतीचे काळे डाग खोलवर आहेत, रंध्याने जाणारे नाहीत. मला विचाराल तर ते राहू द्या.

किमतीबद्दल एवढंच, की याच मापाचं प्लायवूडचं टेबल नक्कीच स्वस्त पडतं आणि फारसं फुगत-आक्रसतही नाही. तुम्हाला दाराचं लाकूड वापरायचं होतं.

फळीत कुठे चीर दिसली किंवा खुंटी सैल झाली, तर मात्र फोटो पाठवा. घरी येऊन दुरुस्त करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.