टॅक्सचं बिल शिपायाच्या अंगावर फेकण्याआधी

आज गावचा बाजार. भर दुपारी स्टँडवरच्या एका दुकानदाराने ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातातलं बिल ओढलं, चुरगाळलं आणि त्याच्याच अंगावर फेकलं. "चाल, निंघ इथून. पयले नाली साफ करा, मंग या पैसे मांगाले." गिऱ्हाईकं हसली. शिपाईभाऊ काही बोलले नाहीत. वाकून कागद उचलला, मांडीवर ठेवून हाताने सरळ केला, वहीत घातला आणि पुढच्या दुकानाकडे निघाले. पन्नाशी उलटलेला माणूस आहे हो तो. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

मी स्वतः चक्की चालवते. धंद्याच्या जागेचा टॅक्स मलाही भरावा लागतो आणि मलाही तो गोड लागत नाही. पण दुकानदार भावांनो, आपला नमुना आठ तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिला आहे का? बिल नाही म्हणत मी. बिल तर शेवटचा कागद आहे. नमुना 8 म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तुमची जागा केवढी, कशाने बांधलेली, कशासाठी वापरता, मालक कोण, भोगवटादार कोण, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. त्यावरून नमुना 9 मध्ये मागणी चढते आणि मग ते बिल निघतं. चूक झाली तर ती आठमध्ये होते, आणि आपण राग काढतो बिल आणून देणाऱ्यावर.

माझंच सांगते. मसाला कांडपाची मशीन घ्यायची होती, तेव्हा बँकेने आठचा उतारा मागितला. उतारा हातात आला आणि मी बघतच राहिले. आमचं अख्खं घर "आरसीसी", म्हणजे सिमेंट-सळईचं पक्कं, आणि "वाणिज्य", म्हणजे धंद्याचं! आमच्याकडे जे येऊन गेले त्यांना माहीत आहे, रस्त्याकडची एक खोली तेवढी स्लॅबची आहे, तिच्यात चक्की. मागे मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या वेळचं विटामातीचं घर, वर कवेलूंचं छप्पर. तिथे आम्ही रांधतो, झोपतो, पोरं अभ्यास करतात. कागदावर मात्र कवेलूसकट सगळं पक्कं दुकान झालं होतं. कोणीतरी रस्त्यावर उभं राहून चक्कीचा बोर्ड पाहिला आणि लिहून मोकळं झालं. आत डोकावायचीही तसदी घेतली नाही.

याने फरक काय पडतो ते सांगते, कारण हे कोणी सांगतच नाही. पूर्वी टॅक्स क्षेत्रफळावर होता. ग्रामपंचायतीचे 1960 चे जे कर व फी नियम आहेत त्यांत 2015 मध्ये बदल झाला आणि आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या आणि बांधकामाच्या किमतीवर आली. जमिनीचा रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, बांधकामाचा दर, इमारत जुनी असेल तशी किंमत कमी धरायची म्हणून घसारा, आणि या सगळ्याला वापराच्या भारांकाने गुणायचं. राहतं घर असेल तर 1, कारखाना असेल तर 1.20, दुकान असेल तर 1.25. आलेल्या मूल्यावर दर हजारी कर. आरसीसीला हजारामागे 1 रुपया 20 पैशांपासून 2 रुपयांपर्यंत, त्या मर्यादेत ग्रामपंचायत ठरवेल तो. कच्च्या बांधकामाला दर कमी.

समजा एका इमारतीचं मूल्य 4 लाख आलं आणि दर दीड रुपया आहे. राहतं घर म्हणून 600 रुपये. तेच दुकान लिहिलं तर मूल्य होतं 5 लाख आणि टॅक्स 750. त्यातला चौथाच भाग दुकान असेल आणि बाकी घर, तर होतात साडेसदतीस रुपये जास्त, म्हणजे 637 रुपये 50 पैसे. दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी वेगळी. आता त्या 750 चा महिन्याचा हिशेब काढा. बासष्ट रुपये पन्नास पैसे. आज ज्या माणसाने बिल फेकलं, तो तेवढ्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा दोन दिवसांत खातो. लिहायला कठोर वाटतं, पण खरं आहे.

"मग साडेसदतीसच्या जागी दीडशे जास्त लागले तर एवढं काय?" असं कोणी म्हणेल. मलाही घरात हेच ऐकवलं गेलं. अहो, ही आकारणी चार वर्षांसाठी असते. शिवाय ज्या भिंती विटामातीच्या आहेत त्यांचा दर आरसीसीचा कशाला भरायचा मी? माझ्या घराबद्दल सरकारी वहीत खोटं का लिहिलेलं असावं? मी अर्ज दिला, पोच घेतली. पोच द्यायला टाळाटाळ झाली, मी टेबलासमोरून हलले नाही. खेटे घातले, सही करणारे साहेब कधी मीटिंगला, कधी तालुक्याला. शेवटी मोजणीला माणूस आला. आणि टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? याच शिपाईभाऊंनी. उन्हात, मागच्या अंगणात, न्हाणीपर्यंत. "वहिनी, चुलीचं छपरं बी मोजू का जी?" असं विचारून विचारून. आज माझ्या आठमध्ये पुढची खोली वेगळी आणि मागचं घर वेगळं लिहिलेलं आहे, त्यात या माणसाचाही हात आहे.

म्हणून मला आज इतकं लागलं.

ग्रामपंचायतीला मी सोडणार नाही, घाबरू नका. आकारणीची यादी बोर्डावर चिकटवली की काम झालं, असं त्यांना वाटतं. हरकती मागवल्या म्हणे! कोणाला कळलं? दवंडी नाही, ग्रुपवर फोटो नाही. हरकतीची मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे लोकांना बिल आल्यावर कळतं. आणि बिल येतं मार्चमध्ये! वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरलं तर 5 टक्के सूट आहे, आणि 31 मार्च ओलांडला की 5 टक्के दंड. सूट असते त्या काळात बिल द्यायचं नाही आणि दंड जवळ आला की शिपायाला गावभर फिरवायचं, हा कुठला न्याय? एप्रिलमध्ये बिल वाटा, अर्धं गाव आपल्या पायाने येऊन भरेल.

नालीचं म्हणाल तर ती तुंबलेली आहे हे मान्य. माझ्या चक्कीसमोरूनच वाहते.

पण नालीसाठी भांडायची जागा ग्रामसभा आहे. गेल्या ग्रामसभेत बाजारपेठेतले किती दुकानदार होते, ते आठवून बघा. आकारणी पटत नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, तशी कायद्यातच सोय आहे. दुकान भाड्याचं असेल तर टॅक्स मालक भरणार की तुम्ही, हे भाडेचिठ्ठीत आधी लिहून घ्या, कारण ग्रामपंचायत दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. यातलं काहीच करायचं नाही आणि सगळ्यांत गरीब कर्मचारी समोर दिसला की त्याच्यावर मर्दुमकी दाखवायची. तुम्ही न भरलेला पैसा त्याच्या घरात कमी पडतो, हे तरी माहीत आहे का? ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या सरकारी वाट्याला 2020 च्या शासन निर्णयाने वसुलीच्या टक्केवारीची अट घातली होती. वसुली कमी, तर पगाराचं अनुदान कमी. ती अट काढा म्हणून त्यांच्या संघटना ओरडून थकल्या. सरकारने शिपायाच्या पोटाला आपली वसुली बांधावी हे मला मुळीच पटत नाही. पण ज्या गावात हे चालतं, तिथला दुकानदार त्याला निंघ म्हणतो तेव्हा मला जास्त लाज वाटते.

दुसरं एक नेहमीचं ऐकते. "जिनिंगवाला भरत नाही, मग मीच कशाले भरू?" आमच्या हिंगणघाटच्या भागात जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, काही कमी नाहीत. कारखान्यांशी करांच्या बदल्यात ठोक रकमेचा करार करायची सोय ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 125 मध्ये आहे. तुमच्या गावात असा करार आहे का, किती रुपयांचा आहे, ती रक्कम जमा झाली का, हे विचारा ना! मोठ्याकडे बोट दाखवून आपलं बिल फाडणं सोपं आहे. मोठ्याचा आकडा काढायला अर्ज करावा लागतो, पोच घ्यावी लागते, टेबलासमोर उभं राहावं लागतं. मी एका खोलीसाठी राहिले.

आणि निवडणूक आली की बघा. बिल मिळून तीन महिने झाले तरी टॅक्स भरला नाही, तर सदस्यपद जाऊ शकतं, अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणून अर्ज भरायच्या वेळी हेच लोक बेबाकीच्या, म्हणजे टॅक्स बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी त्याच शिपाईभाऊंच्या मागे धावतात. तेव्हा ते "काका" होतात, तेव्हा चहा येतो.

संध्याकाळी शिपाईभाऊ चक्कीवर आले होते, ज्वारी दळायला. मी दुपारचा विषय काढला. "जाऊ द्या जी, त्याचा बी धंदा बसला यंदा," एवढंच म्हणाले. सोयाबीनला भाव नाही, कापसाचा पैसा गावात फिरला नाही, दुकानं रिकामी पडलीत, हे मलाही दिसतं. त्या दुकानदाराचीही उधारी अडकली असेल. भरायला जमत नसेल तर तसं सांगा, थोडं थोडं भरा, पावती घ्या. पण माणसाच्या अंगावर कागद फेकू नका.

1 मेच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी लेखी मागणार आहे. आठची पूर्ण यादी वाचून दाखवा, आणि बाजारपेठेतून आलेल्या टॅक्सपैकी नालीवर किती खर्च झाला ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. सह्यांचा कागद चक्कीवर ठेवला आहे. ज्यांना सही करायची त्यांनी येताना आपला आठचा उतारा घेऊन या, बसून सोबत वाचू. ज्याने आज बिल फेकलं, त्यानेही यावं.