पर्वती चढता चढता दुःखी कसे व्हावे

दुःखी व्हायला कारण लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. कारण शोधत बसणं ही आळशी माणसाची सोय. तुमच्याआमच्यासारख्या कष्टाळू माणसाला पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि समोरून उतरणारे शेजारचे काका, एवढं भांडवल पुरतं.

सकाळचे सव्वासहा. तुम्ही चढताय, काका उतरतायत. तुम्ही 'नमस्कार काका' म्हणता आणि काका सरळ पुढे निघून जातात. कच्चा माणूस इथे 'लक्ष नसेल' म्हणतो आणि पुढची पायरी चढतो. असल्या माणसाच्या हातून काही होत नाही. रात्री तो चक्क झोपतो.

तुम्ही थांबा. दम लागल्यासारखं दाखवा आणि कामाला लागा. पंधराव्या पायरीवर निकाल: काकांनी मुद्दाम टाळलं. काकांच्या मनात काय आहे हे त्यांना विचारायचं नाही, ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिसाव्या पायरीला कारणही सापडतं: सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या खर्चावरून तुम्ही बोललात ते झोंबलंय. त्याच मीटिंगनंतर काकांनी 'मुद्दा बरोबर होता हं' म्हणत तुम्हाला चहा पाजला होता. तो चहा गाळून टाका. पन्नासाव्या पायरीवर काका मागे पडतात आणि अख्खी सोसायटी तावडीत येते. शितावरून भाताची परीक्षा करायला आपल्याला लहानपणीच शिकवलंय. शीत दुसऱ्याच्या पातेल्यातलं असलं तरी चालतं. 'नेहमी', 'कधीच' आणि 'कुणीच' हे तीन शब्द मात्र खिशात हवेत. सत्तराव्या पायरीवर फ्लॅट विकायला काढा, नव्वदाव्यावर धायरीला राहायला जा. तिथेही माणसं तोंड फिरवतील, कारण खोट मुळात तुमच्यातच. देवदेवेश्वराच्या दारात पोचेपर्यंत तुम्ही माणूस म्हणून नालायक ठरलेले असता. चपला काढा.

या कलेवर अमेरिकेत अभ्यास झालाय, बरं का. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, ही फ्रॉईडची मांडणी तपासायला ॲरन बेक हा फिलाडेल्फियाचा मानसोपचारतज्ज्ञ निघाला होता. पेशंटकडे त्याला अपेक्षित राग सापडेना, तर्काच्या ठरावीक चुका मात्र सापडल्या. पुराव्याविना निष्कर्ष, सोयीचा तेवढाच तपशील, एकावरून सगळ्यांना तोलणं, चूक फुगवणं आणि यश आकसवणं, अशी यादी त्यानं १९६३ मध्ये छापली. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे आपल्या आजीला आधीच माहीत होतं, पण आजीनं पेपर छापला नाही.

त्याच्या पठडीतले लोक पुढे एक घातकी सवय लावतात: मनात आलेलं कागदावर लिहायचं, एका बाजूला अनुकूल पुरावे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. या कागदापासून चार हात लांब राहा. 'काका हसले नाहीत, सबब मी नालायक' हे स्वतःच्या अक्षरात वाचलं की हसू फुटतं आणि सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचा दात होता 'च पाहिजे'वर. पुण्यात त्याची प्रॅक्टिस एक तर तुफान चालली असती, नाहीतर आठवड्यात बंद पडली असती. रिक्षावाल्यानं मीटरनं आलंच पाहिजे, सुनेनं विचारलंच पाहिजे, मित्रानं न सांगता ओळखलंच पाहिजे. हे शेवटचं विशेष जपा. त्यावर माणूस वर्षानुवर्षं रुसू शकतो.

आता एक धोका. दुसऱ्या दिवशी काका त्याच पायरीवर थांबतील, तोंडभर हसतील आणि म्हणतील, "अहो, काल हाक मारलीत का तुम्ही? चष्मा घरी राहिला आणि कानातलं मशीनही."

विरघळू नका. चष्मा नाही, मशीन नाही आणि माणूस १०३ पायऱ्या धडधाकट उतरतो? काहीतरी लपवतायत काका. टँकरचंच असणार.